कळा सोसायच्याच का?

“आम्ही नाही का सोसल्या कळा?” लेबररूमबाहेर हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि म्हणणाऱ्या आपणच, बायका!

कंबरदुखीला फिजिओथेरपीवाले पाठीला पट्ट्या चिकटवून ‘करंट’ देतात ना, ते टेन्स मशीन. इंग्लंडमध्ये कित्येक जणी सुरुवातीच्या कळांना घरीच ते लावतात. पाठीत मुंग्या येतात. त्या मुंग्यांमुळे वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना अडतो, अशी त्यामागची कल्पना. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांची, १९६५ सालची. खरं सांगायचं तर कळा फारशा कमी होतात, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तरी वापरणाऱ्या बहुतेकींनी ‘पुढच्या वेळीही घेऊ’ म्हटलं. का? मला वाटतं, बटण तिच्या हातात असतं म्हणून. कळ आली की वाढवायचं, ओसरली की कमी. आपल्याकडे तिच्या हातात काय असतं? कॉटची दांडी!

मैत्रिणींनो, सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा, दुखणं कमी करायला तुमच्याकडे काय आहे? मशीन मात्र आपल्या मनाने लावू नका. दिवस भरायच्या आत नाही, पेसमेकर असेल तर मुळीच नाही. आणि सोबत मागाच. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी जवळ एक बाई थांबू द्यावी, असं केंद्र सरकारनेच २०१६ मध्ये सांगितलंय. आत जाणारीने ते वरचं वाक्य तेवढं घरी ठेवून जावं.