परसांतील पेव

विहिरीलगतच्या ओलसर कोपऱ्यांत आपल्याकडे बहुधा परदेशांतून आलेली कर्दळ लावतात. कर्दळ सुंदर खरी. परंतु त्या जागेवर पेवाचाही हक्क आहे. संस्कृतांतील केमुक तें हेंच. कोंकणांत व सह्याद्रीच्या ओलसर रानांत तें आपोआप उगवतें. पुरुषभर उंच दांडा, त्याभोवतीं गोल जिन्याप्रमाणें चढत गेलेलीं पानें, आणि शेंड्यावरील तांबड्या कणसांतून श्रावण-भाद्रपदांत उमलणारीं शुभ्र फुलें, असें त्याचें रूप आहे.

वैशाखाच्या अखेरीस गड्ड्याचा डोळा असलेला तुकडा शेणखत मिसळलेल्या भुसभुशीत मातींत तीन-चार बोटें खोल पुरावा. माती ओली असावी, पण पाणी तुंबूं देऊं नये. थोडी सावली त्यास मानवते. हिवाळ्यांत दांडे वाळतात, तेव्हां झाड मेलें असें समजून तें उपटूं नये. गड्डा जमिनीखालीं जिवंत असतो. मृगाच्या सरींबरोबर कोंब वर येतात.

या गड्ड्यांत डायोस्जेनिन नांवाचें द्रव्य असतें व त्यापासून औषधें तयार होतात. त्यामुळें रानांतले गड्डे पुष्कळ खणून नेले जातात. निदान हौसेखातर तरी आपण रानांत कुदळ नेऊं नये. शेजारच्या परसांतील पेवाचा दोन-तीन पेऱ्यांचा दांडा मागून आणून ओल्या वाळूंत आडवा ठेवला, तरी त्यास कोंब फुटतात. असें मागून आणावें, वाढवावें, आणि पुढें मागणाऱ्यास द्यावें. रानांतलें पेव रानांतच राहील.