धातूचा फेस

फेस हा शब्द आम्हा मराठीच्या मास्तरांना चांगला ओळखीचा. साबणाचा, ताकावरचा, आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासताना तोंडाला येतो तो! पण धातूचाही फेस करतात, हे मला इंजिनिअरिंगमध्ये संशोधन करणाऱ्या भाच्याने दाखवले. त्याने आणलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा पाहून आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "ही घासणी केवढ्याला पडली रे?"

ठोकळ्यात नव्वद टक्के पोकळी. बाकी काड्यांची जाळी. तिच्यातून हवा खेळवली की यंत्रांची उष्णता झपाट्याने निघून जाते. मात्र जाळी स्वतः किती उष्णता वाहते, हे आधी कळायला हवे. नाहीतर त्या भरवशावर बांधलेले यंत्र तापायचे. भरीव ॲल्युमिनियमची वाहकता मीटर व अंशामागे सुमारे २३० वॅट. धातू दहावा हिस्सा, म्हणून वाहकता २३? छे! काड्या दाही दिशांना पसरलेल्या. त्यामुळे त्याच्याही तिसरा हिस्सा, म्हणजे साडेसातच्या आसपास. हा तृतीयांशाचा हिशेब लेमलिच यांनी १९७८ साली मांडला, तोही फेसातून जाणाऱ्या विजेसाठी. मला ही उसनवारी फार आवडली.

आता मोजायचे कसे? ठोकळा दोन पत्र्यांत धरायचा, वरून तापवायचा, खाली गार पाणी खेळवायचे. उलट केले तर गरम हवा वर चढते आणि तिची कामगिरी काड्यांच्या नावावर जमा होते. मग तापमान स्थिरावेपर्यंत तासन् तास बसून राहायचे.

"पण मामा, खरी मेख सांध्यात आहे. जाळी पत्र्याला टेकते ती नुसत्या टोकांनी. उष्णता तिथंच अडते, आणि आपण मोजतो जाळी अधिक फट."

"मग फट वगळायची कशी?"

"दोन उंचींचे ठोकळे, दाब तोच. समजा, चार सेंटिमीटरच्याने ५ दाखवले आणि दोनच्याने ४. एकाच जाळीचे दोन आकडे कसे? फटीमुळे! दोघांचा अडथळा काढून वजाबाकी केली की फट जाते, आणि उत्तर साडेसहाच्या वर येते."

अडचण एकच. त्याच्याजवळ लादी एवढीच आहे. कापली की उंच ठोकळा कायमचा गेला. म्हणून त्याने तो तीनदा मोजून ठेवला आहे. साध्या करवतीने काड्या चिरडतात. विजेच्या ठिणगीवर कापणारे यंत्र लागते. ते पाडव्यानंतर मोकळे होईल.