तीस जिवांचा गुन्हा

दिवाळी अंकासाठी 'नेहमीपेक्षा थोडं मोठं, पण नेहमीसारखंच हलकंफुलकं' लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी आरामखुर्चीत बसून लाल केसांच्या एका मुलीला एकशेबाराव्यांदा दरीत पाडत होतो. सत्तरी उलटलेल्या, पेन्शन खाणाऱ्या गृहस्थाने दुपारी तीन वाजता करावं असं हे काम नव्हे, हे मला मान्य आहे. पण त्याला कारण घडलं.

गेल्या वर्षी ऐन आषाढात माझ्या उजव्या हाताने संप पुकारला. अर्धांगाचा झटका हलका होता. 'नशीबवान आहात' असं डॉक्टर म्हणाले. नशीबवान माणसाला सदऱ्याचं एक बटण लावायला सात मिनिटं लागत. हे सदर त्या दिवसांत मी सांगत असे आणि सौभाग्यवती लिहून घेत असे. (सदर एकाएकी सुधारलं, असं चार वाचकांनी कळवलं. असो.) व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला एक स्पंजचा चेंडू दिला होता. छत्तीस वर्षं शाळेत गणिताच्या वह्या तपासल्या, पण त्या चेंडूइतकं कंटाळवाणं काम मी पाहिलं नाही. तेव्हा नातवाने, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या ओंकारने, आपला कंट्रोलर माझ्या हातात ठेवला. "आबा, चेंडूपेक्षा हे बरं. अंगठा आपोआप हलेल."

खेळाचं नाव 'सेलेस्ट'. २०१८ साली आलेला. त्याचं पहिलं कच्चं रूप मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी अवघ्या चार दिवसांत उभं केलं होतं, असं ओंकारने सांगितलं. मॅडलिन नावाची एक मुलगी डोंगर चढायला निघते, एवढीच कथा. उडी मारायची, हवेत एक झेप घ्यायची, कड्याला धरून लोंबकळायचं. चुकलात की मेलात. मात्र पुढच्याच क्षणी त्याच कड्याच्या पायथ्याशी पुन्हा उभे. शिक्षा नाही, रागावणं नाही. आमच्या शाळेत ही पद्धत असती तर माझी नोकरी फार सोपी झाली असती.

पण उडी आणि झेप दोन्ही उजव्या अंगठ्याकडे, आणि तो तर संपावर. पहिल्या दिवशी मी पहिल्याच कड्याखाली तासभर मेलो. मग सूनबाईने खेळाची यादी चाळली आणि तिला 'असिस्ट मोड' सापडला. त्यात खेळाचा वेग शंभर टक्क्यांवरून पन्नासपर्यंत खाली आणता येतो, हात कधीच दमू नयेत अशी सोय करता येते, मरणसुद्धा बंद ठेवता येतं. मी वेग पन्नासवर आणला, आणि मॅडलिन पाण्यात चालल्यासारखी चालू लागली. माझा अंगठा तिला गाठू लागला.

"आबा, ही चीटिंग आहे," ओंकार म्हणाला.

मला राग आला नाही, कानकोंडं झालं. कारण हा शब्द या घरात पूर्वी एकदा उच्चारला गेला होता, आणि तो मीच उच्चारला होता.

१९९३ सालची गोष्ट. माझा मुलगा मिलिंद अकरा वर्षांचा. टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले खेळ तेव्हा घरोघरी येत होते. त्याने मागे लागून लागून एक घ्यायला लावला, आणि त्यावर 'कॉन्ट्रा' खेळू लागला. त्यात तीन जीव मिळत, आणि ते दोन मिनिटांत संपत. पण एके दिवशी मी शाळेतून आलो तो हा पठ्ठ्या शेवटच्या टप्प्यावर! चौकशी केली तेव्हा कळलं, की सुरुवातीला वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी असं काहीसं दाबलं की तिनाचे तीस जीव होतात. सगळ्या वाड्यातल्या पोरांना ते पाठ होतं. मी म्हणालो, "हे जिंकणं नव्हे. ही कॉपी आहे." कॅसेट काढून घेतली आणि कपाटात कुलुपात ठेवली. मिलिंदने ती पुन्हा कधी मागितली नाही. त्या वेळी मला ते वळण लागल्याचं लक्षण वाटलं होतं.

आता दुपारचा वेळ रिकामा, तेव्हा ओंकारकडून त्या तीस जिवांची कुळकथा ऐकली. कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो १९८६ साली 'ग्रेडियस' हा खेळ घरच्या यंत्रासाठी तयार करत होते. तो तपासायचा तर शेवटपर्यंत खेळायला हवा, आणि तो खुद्द त्यांनाच जमेना! म्हणून त्यांनी आपल्या सोयीसाठी ही बटणांची युक्ती आत घातली, आणि काढायची राहून गेली. पुढे कंपनीने ती इतर खेळांतही ठेवली. म्हणजे वाड्यातल्या पोरांनी जी 'कॉपी' केली, ती प्रत्यक्ष पेपर काढणाऱ्याची होती.

आणि पेपर तरी इतका अवघड का? जत्रेतला बंदुकीने फुगे फोडायचा गाळा आठवा. नेम हमखास लागू लागला तर गाळेवाल्याचं पोट कसं भरणार? १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'सारखी यंत्रं नाण्यावर चालत. गडी लवकर मेला की दुसरं नाणं पडे. पुढे खेळ घरी आले, नाणं गेलं, पण खोड राहिली. शिवाय कॅसेटमध्ये जागा ती केवढी! १९८५ चा 'सुपर मारिओ' सबंध चाळीस किलोबाइटचा. आज फोनवर येणारा गणपतीचा फोटोसुद्धा त्याहून जड असतो. 'कॉन्ट्रा' तर सराईत माणूस अर्ध्या तासाच्या आत संपवतो. पोरांना महिनोन्‌महिने पुरवायचा तर पावलोपावली मारायलाच हवं. त्या मारण्याला मी मूल्यशिक्षण समजून बसलो होतो.

इथवर आलो आणि वाटलं, निकाल लागला. अवघडपणा हा दुकानदारीचा भाग, खरी ती गोष्ट, चित्रं, संगीत. सौभाग्यवतींनीही दुजोरा दिला. ती एरवी या यंत्राला हात लावत नाही, पण सूनबाईने तिला 'जर्नी' नावाचा २०१२ चा खेळ लावून दिला होता. त्यात मरण नाही, शब्द नाही. वाळवंटातून दूरच्या डोंगराकडे चालायचं. वाटेत कोणी अनोळखी खेळाडू भेटतो, जगाच्या पाठीवर कुठेतरी बसलेला. त्याच्याशी बोलता येत नाही, फक्त साद घालता येते. दोनेक तासांत संपतं. तिने कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाली, "कोण होतं कोण जाणे, पण बर्फात माझ्यासाठी थांबलं हो!" आणि डोळे पुसत कुकर लावायला गेली. यात कसली आली परीक्षा?

पण त्याच आठवड्यात ओंकारची रात्र मी पाहिली.

तो 'सेकिरो' खेळत होता. २०१९ चा, हिदेताका मियाझाकींचा. यात वेग कमी करायची, सोपं करायची कसलीच सोय नाही. किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो नावाचा योद्धा उभा. ओंकार त्याच्या हातून चार दिवस मरत होता. मला झोप नव्हती, म्हणून मागे बसलो. प्रथम तो घाबरून मागे सरत असे, आणि मागे सरला की मरत असे. हळूहळू माझ्या लक्षात आलं की तो पुढे जाऊ लागलाय. तलवार अंगावर येताना चुकवायची नाही, तिच्यावर आपली तलवार नेमक्या क्षणी आपटायची. टण्, टण्, टण्! तबल्यावर बोल बसावेत तसं ते त्याच्या हातात बसत गेलं. पहाटे दोनला तो योद्धा पडला. ओंकार ओरडला नाही. कंट्रोलर ठेवून आपल्या थरथरणाऱ्या हातांकडे बघत बसला. मग म्हणाला, "आबा, हे सोपं केलं असतं तर यात उरलं काय असतं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या खेळात भीती ओलांडणं हीच गोष्ट होती, आणि ती दुसऱ्या कोणी वाचून दाखवण्याजोगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सौ.ला म्हणालो, "सिंहगडावर कोणी चढून जातो, कोणी मोटारीने. दही-पिठलं दोघांना सारखंच ना?" ती म्हणाली, "पिठलं सारखंच असेल. दही चढून आलेल्यालाच कळतं." आणि थोड्या वेळाने, स्वयंपाकघरातून, "पण ज्याचे गुडघे गेलेत त्याला पन्नास पावलंही चढणंच असतं हो." हे वाक्य माझ्याकडे बघून म्हटलं नव्हतं, पण माझ्यासाठीच होतं.

कारण माझी पन्नास टक्क्यांची मॅडलिन मला सोपी मुळीच नव्हती. घाम फुटत असे. वाटेत एका ठिकाणी ती लोंबत्या पाळण्यात अडकते, आणि तिचा श्वास कोंडतो, भीतीने. तिथे उडी नाही, झेप नाही. एक पीस हवेत तरंगतं, आणि एकच बटण दाबून-सोडून, श्वासाच्या लयीत, ते सावरायचं असतं. खेळातली ती सगळ्यात सोपी जागा असावी. इस्पितळातल्या दुसऱ्या रात्री मी असाच छताकडे बघत श्वास मोजला होता, आणि ते कोणाला सांगितलेलं नाही. आज इथेच लिहितो आहे. तरीही आधीचे कडे मी माझ्या अंगठ्याने चढलो नसतो, तर ते पीस मला नुसतं पीस दिसलं असतं, असंही वाटतं.

त्या असिस्ट मोडचं नाव आधी 'चीट मोड' ठेवलं होतं म्हणे. मग करणाऱ्यांनाच ते दोषारोपासारखं वाटलं आणि त्यांनी बदललं. त्यांना सुचलं ते मला बत्तीस वर्षं सुचलं नाही. ज्याच्या बोटांना तीन जीव पुरत नव्हते, त्या पोराला शेवटचा टप्पा बघायचा होता, एवढंच.

श्रावणात मी वेग साठवर नेला, गणपतीत सत्तरवर. कोणी सांगितलं नव्हतं. सदऱ्याचं बटण आता दीड मिनिटात लागतं.

नवरात्रानंतर साफसफाई निघाली तेव्हा मी कपाट उघडलं. जुन्या हजेरीपटांखाली ती पिवळी कॅसेट होती. मिलिंद ऑफिसातून आला तेव्हा त्याच्या पुढ्यात ठेवली.

"ही तुमच्याकडे होती? मला वाटलं, तुम्ही फेकून दिलीत."

"ती कॉपी नव्हती," मी म्हणालो. पुढचं वाक्य जमलं नाही.

तो काही बोलला नाही. पण त्याचा अंगठा टेबलाच्या कडेवर आपोआप फिरला: वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी. ते यंत्र केव्हाच भंगारात गेलं. कॅसेट लावायची कुठे? मी माझा कंट्रोलर त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "वेग किती ठेवू? माझा सध्या ऐंशी आहे."

"शंभर," तो म्हणाला, आणि पहिल्याच दरीत पडला.