शीतयंत्राचा टन

मिरची-चिंचेसाठी शीतगृह उभारणाऱ्या बंधूंस विक्रेते यंत्राची शक्ती अद्यापि ‘टना’त सांगतात. हा टन वजनाचा नव्हे. २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळण्यास लागणाऱ्या उष्णतेचे ते माप. म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, अथवा सुमारे ३.५ किलोवॅट. परंतु एवढी वीज लागते असे समजू नये! यंत्र उष्णता केवळ बाहेर वाहून नेते, म्हणून वीज बहुधा पुष्कळच कमी खाते. किती कमी, यातच त्याचा कस. सारख्याच टनांच्या दोन यंत्रांचे वीजबिल निराळे येते ते यामुळेच. १९५६ च्या कायद्याने आम्हा व्यापाऱ्यांचे मण-शेर सुटले, हा टन मात्र राहिला. आमच्या मते, काढलेली उष्णता व खर्चिलेली वीज दोन्ही किलोवॅटमध्ये लिहून घेतल्यावाचून कोणी विसार देऊ नये.