फोटो पालथा ठेवा

रविवारी सकाळी साडेआठला आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या ऑफिसात सहा-सात जण जमतात आणि तासभर इंग्रजी बोलतात. फी नाही, पुस्तक नाही. चहा ज्याची पाळी असेल त्याने आणायचा. मी त्यांची बाई. खरं तर मी शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला, इंग्रजी नव्हे. पण निवृत्त शिक्षिकेला स्वस्थ बसू द्यायचं नाही, असा आमच्या गावाचा अलिखित ठराव आहे.

गेल्या खेपेला विषयाची चिठ्ठी निघाली ती अशी: ज्याचा फोटो काढावासा वाटतो अशा एखाद्या देखाव्याबद्दल बोला. परदेशी जाणारे आयईएलटीएसची परीक्षा देतात, तिची तोंडी अकरा ते चौदा मिनिटांची. त्यात मध्येच असं कार्ड हातात देतात. विचार करायला एक मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. दोन मिनिटं केवढी लांब असतात, हे ती गप्प बसून काढलेल्यालाच विचारावं.

पहिल्याने स्वित्झर्लंड सांगितलं. गेला होतास का? नाही. दुसरी मनालीला खरोखर गेली होती, पण बोलली ती कॅलेंडरातल्या मनालीबद्दल. तिसऱ्याने काश्मीर काढलं. तिघांचाही डोंगर ‘ब्रेथटेकिंग’, दरी ‘ब्रेथटेकिंग’, सूर्यास्तही तोच. कुणाला श्वास घ्यायला सवड नव्हती. वर ‘सीनरीज’ होत्याच. इंग्रजीत सीनरीचं अनेकवचन होत नाही हे मी दर महिन्याला सांगते. पण आमच्याकडे सीनरी म्हणजे हॉलच्या भिंतीवर लावलेलं धबधब्याचं पोस्टर, आणि एका घरात दोन पोस्टरं असली तर माणसाने काय म्हणावं?

ऐकता ऐकता मला शाळेतला चित्रकलेचा तास आठवला. ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की साठ वह्यांत एकच चित्र. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध उगवणारा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, काठावर झोपडी, तिला टेकलेला नारळ. ही कल्याण-डोंबिवलीची पोरं! यांच्या गच्चीवरून आग्नेयेला मलंगगड दिसतो. तो तुटक्या दातांसारखा, कुठूनही बघा, त्रिकोणी नाही. सूर्य त्याच्या मधून येत नाही, डिसेंबरातसुद्धा बराच डावीकडून वर येतो. पण वहीत मलंगगड कुणीच काढला नाही, आणि मीही शेजारच्या वर्गात हिमालयाची निर्मिती शिकवत होते.

डोंबिवलीत बोलण्यासारखं काय आहे, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने लगेच २०२० सालचा एमआयडीसीतला, प्रदूषणाने गुलाबी झालेला रस्ता सुचवला, तिसऱ्याने २०१४ चा हिरवा पाऊस. रंगांचे शब्द तरी झाले.

मग आमच्यातला इस्टेट एजंट बोलायला उभा राहिला आणि दोन मिनिटं अडखळलाच नाही. ‘व्ह्यू’ हा त्याचा धंद्यातला शब्द. घोडबंदर रोडला खिडकीचं तोंड येऊरच्या जंगलाकडे असलं की हिल व्ह्यू, खाडीकडे असलं की क्रीक व्ह्यू. पुढे मध्ये दुसरा टॉवर उभा राहिला की व्ह्यू जातो, हप्ते राहतात. त्याच्या क्रियापदांचे काळ सगळे एकमेकांत मिसळलेले होते. पण डावीकडे काय, पलीकडे काय, खाली काय, हे लख्ख. मला वाटतं याचं कारण एवढंच की तो दिवसभर फोनवर अशा गिऱ्हाइकाशी बोलतो ज्याने तो फ्लॅट अजून पाहिलेला नाही.

त्यानंतर सिस्टरची पाळी. ती दादरला एका इस्पितळात नर्स आहे, तिला बाहेर जायचंय. तिने मोबाइल काढला, “धिस इज माय व्ह्यू” म्हणाली आणि फोटो सगळ्यांपुढे फिरवला. सगळे ‘नाइस, नाइस’ म्हणाले. संपलं. दहा सेकंदसुद्धा नाहीत.

मी म्हटलं, “फोटो पालथा ठेव.” बाकीच्यांना मेंटेनन्सच्या जुन्या बिलांच्या कोऱ्या पाठी आणि पेन्सिली दिल्या. “तू सांग, हे काढतील. इंग्रजी शब्द अडला तर विचार, हात मात्र हलवायचे नाहीत.”

“देअर इज वन माउंटन,” ती म्हणाली. सहा कागदांवर सहा त्रिकोण उमटले. एकाने सवयीने सूर्यही काढला. तिने वाकून पाहिलं आणि ओरडली, “नो, नो, नॉट लाइक धिस! इट इज लाँग! लाइक अ वॉल!” इतक्या महिन्यांत तिचं न अडखळता आलेलं हे पहिलं बोलणं.

तिचा डोंगर पारसिकचा होता, दिवा सोडल्यावर ठाण्याकडे जाताना लागतो तो. हा देखावा फास्ट गाडीवाल्यांना तसा नवाच आहे. १ मे १८५४ ला ठाण्यापासून कल्याणपर्यंत गाडी गेली ती खाडीवर पूल बांधून, डोंगराला वळसा घालून. पुढे १९१६ मध्ये पारसिकचा सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा झाला, आणि फास्ट लोकलच्या प्रवाशाला या जागी शंभरेक वर्षं अंधारच दिसला. माझी तर निम्मी नोकरी त्या बोगद्यातून गेली. आत शिरलं की कॉलेजची पोरं उगाच आरोळी ठोकायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवा-ठाणे मार्गिका वाढल्या, फास्ट लोकल मुंब्र्यावरून वळल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. म्हणजे सिस्टरला जे रोज दिसतं ते मला माझ्या वेळी फक्त स्लो गाडी पकडली तरच दिसायचं, आणि स्लो गाडी कोण पकडतं?

आता खरी झटापट सुरू झाली. डावीकडे डोंगर, उजवीकडे खाडी. खाडीला क्रीक, ते एजंटच्या कृपेने सगळ्यांना येत होतं. तिवरांना मँग्रोव्ह. ‘ओहोटी लागलीय’ला ती ‘वॉटर इज गोइंग’ म्हणाली. मी ‘द टाइड इज गोइंग आउट’ दिलं, पण मला तिचंच जास्त आवडलं. खाजणाला मला शब्द सुचेना. मग सरळ सांगायचं: खारी जमीन, पाणी येतं आणि जातं. मुंब्रादेवीचं देऊळ डोंगराला ‘चिकटलंय’ हे तिने ‘स्टक’ म्हणून सांगितलं, आणि सहाही कागदांवर देऊळ बरोबर अर्ध्या उंचीवर बसलं. पावसाळ्यात त्या कड्यावरून पाण्याच्या दोऱ्या सुटतात, त्याला ती ‘व्हाइट थ्रेड्स’ म्हणाली. पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांनी पेन्सिल थांबवून विचारलं, “हाऊ मेनी?” तिने डोळे मिटून मोजले.

शेवटी फोटो सुलटा केला आणि सगळे हिरमुसले. कागदावरचा डोंगर पानभर होता, फोटोतला पुटकुळीएवढा, आणि पुढे लेडीज डब्याची जाळी ऐसपैस. यात तिचा दोष नाही. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद पट्टा पकडते. दोन्ही टोकांचं सगळं आत घ्यायचं तर लांबचं लहान होणारच. डोळा तसा बघत नाही. आपण डोंगराकडे बघतो तेव्हा जाळी मनातून काढून टाकलेली असते. त्यावर एकाने दारात उभं राहून फोटो काढायचा सल्ला दिला, त्याला मी तिथेच गप्प केलं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्याच वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडून गेली. ती काही देखाव्यासाठी दारात उभी नव्हती, आत जागा नव्हती म्हणून होती.

देखावा हा शब्दही मजेदार आहे. डोंगर-नदीचा देखावा, गणपतीतला देखावा आणि ‘नुसता देखावा’. पाठ केलेलं स्वित्झर्लंड तिसऱ्या प्रकारात मोडतं, आणि परीक्षा घेणाऱ्याला ते ओळखता येत असणार, रोज तेच ऐकतो बिचारा. काका म्हणतात की आमच्या पिढीचं इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने घडवलं, त्यात कुणी कुणाला काही सांगत नव्हतं, फक्त भाषांतर करत होतं. मी त्यांना कल्याणच्या जोश्यांच्या यमुनेचं उदाहरण दिलं. १८६५ साली जन्मलेली, नवव्या वर्षी लग्न झाल्यावर आनंदीबाई जोशी झालेली, पुढे डॉक्टर झाली ती. नवऱ्याने तिला इंग्रजी शिकवलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिचा सराव झाला तो न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंना लिहिलेल्या पत्रांतून. त्या बाईंनी हिंदुस्थान पाहिला नव्हता. इथली घरं, रीतिरिवाज, बायकांचं जगणं, सगळं मुळापासून सांगायला लागायचं. फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूरच्या कॉलेजात अमेरिकेला का जातेय हे ती लोकांपुढे उभी राहून इंग्रजीत बोलली, तेव्हा अठराचीही पुरती नव्हती. बोटीत बसली ती त्यानंतर.

काकांचं समाधान झालं की नाही माहीत नाही. त्यांनी आपलं चित्र घडी घालून खिशात ठेवलं.

सोमवारी सकाळी सिस्टरचा व्हॉइस मेसेज आला. मागे गाडीचा खडखडाट, पुढे तिचा दबका आवाज. उजवीकडे पाणी ‘गोइंग’ आहे, चिखल चमकतोय, बगळे पाच, नाही, सहा. डोंगर ‘फिनिश’ होत आलाय, आता पूल, पुलावर वारा. मध्येच कुणीतरी बाई तिला मराठीत विचारते, “ठाण्याला उतरणार का गं?”

“नो, नो,” सिस्टर म्हणते. “दादर.”