शेपूट बघा, मग ग्रुपवर टाका



ऊसतोड सुरू झाली की आपल्या जुन्नर-आंबेगाव-शिरूर पट्ट्यात मोबाईलवर फोटोंचा पूर येतो. गोठ्यावरचा सीसीटीव्ही, विहिरीवरचा कॅमेरा, नाहीतर वनखात्याने बांधाला लावलेला ट्रॅप कॅमेरा, कुठून तरी एक काळापांढरा फोटो निघतो. दोन चमकणारे डोळे, लांबडं अंग, आणि खाली मजकूर, "वाघ आला, सावध रहा, पुढे पाठवा." (आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, ते एक असो.) माझ्याकडे आलेल्या असल्या फोटोंपैकी बऱ्याच फोटोंत बिबट्या नसतोच. रानमांजर असतं, उदमांजर असतं, कधी तरस.

"असू द्या ना. मांजराला बिबट्या म्हटलं तर कुणाचं काय बिघडलं? सावध राहिलेलं बरं," असं उत्तर हमखास येतं. मला ते पटत नाही. रात्रपाळीची लाईट आलेली असते आणि भरणं करायला कुणी जात नाही. तोडणीची टोळी फडात उतरत नाही. हे सगळं एकवेळ सोसू. पण असं तीनदा झालं की चौथ्या वेळी कुणी ऐकत नाही, आणि चौथ्या वेळी खरंच बिबट्या असू शकतो. उलटही होतं. "रानमांजर असंल रं" म्हणून फोटो सोडून दिला आणि पोरं अंधारात ओट्यावर खेळत राहिली, तर काय होतं ते या पट्ट्याला वेगळं सांगायला नको.

खोडकीड की कांडीकीड हे बघितल्याशिवाय आपण औषध आणत नाही. मग इथेच का घाई?

आधी शेपूट बघा. बिबट्याचं अंग साधारण साडेतीन-चार फूट, आणि शेपूट अडीच-तीन फूट. चालताना ती खाली लोंबते आणि टोकाशी वर वळते. खालची बाजू पांढरी असते, त्यामुळे रात्रीच्या फोटोतही वळलेलं टोक उजळ दिसतं. रानमांजराचं अंग दोन-अडीच फूट आणि शेपूट वीतभर, जरा जास्त म्हणा. ती जमिनीपासून बरीच वर संपते, टोक काळं आणि त्याच्या अलीकडे काळ्या कड्या. फोटो कितीही धुरकट असला तरी शेपूट लांब की आखूड एवढं बहुतेक वेळा कळतं.

लोक आधी ठिपके शोधतात. ठिपके असले तर चांगलंच. बिबट्याच्या कुशीवर ते फुलासारखे, गोल रिंगणाचे असतात, आणि मोठ्या रानमांजराचं अंग जवळजवळ साधं असतं. पण जनावर कॅमेऱ्याच्या अगदी जवळून गेलं तर रात्रीच्या दिव्यात अंग पांढरंफटक होतं आणि ठिपके पुसले जातात. म्हणून ठिपके दिसले नाहीत, तेव्हा बिबट्या नाही, असं म्हणू नका. कानांकडे बघा. बिबट्याचे कान आखूड आणि गोल, रानमांजराचे उंच, टोकदार, शेंड्याला बारीक केसांचा झुपका.

सगळ्यात जास्त फसवतो तो आकार. कॅमेरा खाली लावलेला असला आणि मांजर हातभर अंतरावरून गेलं, तर ते वासराएवढं दिसतं. यावर साधा उपाय आहे. कॅमेरा हलवू नका. चांगलं ऊन पडल्यावर दोघांनी मिळून जायचं, जनावर उभं होतं तिथे फुटाच्या खुणा केलेली काठी उभी धरायची आणि त्याच कॅमेऱ्यात फोटो घ्यायचा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की उंची कळते. बिबट्या खांद्याला दोन फुटांच्या आसपास असतो, रानमांजर फूट-सव्वा फूट.

पावलाचं थोडक्यात सांगतो. नखं उमटली असतील तर कुत्रा, कोल्हा किंवा तरस. नखं नसतील आणि रुंदी तीन इंचांच्या पुढे असेल तर बिबट्या धरा. मात्र ओल्या सरीतला ठसा पसरतो, तो मोजून हुरळू नका.

"आपल्याकडे बिबटे आहेतच, मग दुसरं काय असणार?" हाही एक युक्तिवाद असतो. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्याच्या शेतशिवारात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ मोठे बिबटे निघाले. पण त्याच कॅमेऱ्यांत तरस, कोल्हा, खोकड, रानमांजर आणि वाघाटीही आली. सगळी एकाच शिवारात राहतात. त्यातलं रानमांजर तर आपल्या कामाचं. सरिस्काच्या अभ्यासात एक रानमांजर दिवसाला ३ ते ५ उंदीर खातं असा अंदाज निघाला. उंदरांनी कुरतडलेला ऊस ज्याने बघितला आहे त्याला याची किंमत कळेल.

वाघाटीचं नाव आलं म्हणून पिल्लांचं सांगतो. ही जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक, पूर्ण वाढ होऊनही दीड किलोच्या आसपास. तिची पिल्लं उसाच्या पाचटात सापडतात आणि अंगावर ठिपके बघून 'बिबट्याची पिल्लं' म्हणून उचलली जातात. वाघाटीचं नवं पिल्लू मुठीत मावतं आणि कपाळावर उभ्या पांढऱ्या रेघा असतात. बिबट्याचं पिल्लू जन्मतःच अर्ध्या किलोच्या आसपास, पाय जाड. पण पिल्लू कुणाचंही असो, उचलू नका, सेल्फी काढू नका. तेवढा तुकडा तोडायचा ठेवा आणि मागे सरका. आई रात्री येऊन नेते. पिल्लं हलवली आणि आई बिबट्या असली, तर ती त्याच फडाभोवती घुटमळत राहते आणि टोळीची पालं जवळच असतात.

कृषी सहायक मित्रांना एक विनंती. मेळाव्यात कीड ओळखीचे फलक लावता, त्यांच्या शेजारी या चार-पाच जनावरांचा एक फलक लावा. शेपटीचं चित्र मोठं काढा.

आणि शेपूट लांब निघाली तर? मूळ फोटो न कापता, वेळ आणि गट नंबर लिहून वनरक्षकाला पाठवा आणि १९२६ ला फोन करा. अंधार पडला की पोरं घरात, शेळ्या बंद गोठ्यात. मोटर चालू करायला दोघांनी जा, बॅटरी घेऊन, बोलत बोलत. आणि फडाभोवती बघ्यांची गर्दी जमू देऊ नका.