भांडवल मागावे कोणापाशी?

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी घरोघर लक्ष्मीपूजन होईल. पेढ्यांवर नव्या वहीच्या पहिल्या पानी कुंकवाचे स्वस्तिक रेखाटले जाईल, 'श्री' लिहिली जाईल, लाह्या-बत्तासे वाटले जातील. ज्याच्या घरी वही आहे त्याची पूजा यथासांग होईल, यात शंका नाही. परंतु ज्याला यंदा प्रथमच वही घालावयाची आहे, ज्याच्यापाशी हुन्नर आहे आणि भांडवल मात्र नाही, त्याने कोठे जावे? गंगाखेडच्या गोदाकाठापासून जिंतूरच्या डोंगरापर्यंत कीर्तनाच्या निमित्ताने हिंडताना माउल्या मला देवाविषयी फार थोडे विचारतात. "महाराज, पोराच्या धंद्याचं कुठं जमंल का?" हेच अधिक विचारतात.

या प्रश्नावर मी त्यांना एक जुनी कथा सांगतो. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित सोमदेव याने कथासरित्सागरात ती गुंफली आहे, आणि तिचे स्थळ आपल्याच गोदावरीच्या वरच्या अंगास, प्रतिष्ठान परिसरात आहे. एका विधवेचा दरिद्री मुलगा विशाखिल नामक सावकाराकडे भांडवल मागावयास जातो. कुलीन पण निर्धन तरुणांस हा सावकार द्रव्य देत असे. त्या वेळी तो दुसऱ्या एका तरुणास रागे भरत होता की, हुशार माणूस हा भुईवर पडलेला मेलेला उंदीरही भांडवल करील, आणि तू मात्र दिलेले दीनार घालविलेस! मुलाने तोच उंदीर मागून घेतला. तो मांजरासाठी विकून ओंजळ दोन ओंजळ हरभरे मिळविले. ते दळून, पाण्याचा घडा घेऊन तो गावाबाहेर सावलीत बसला आणि दमून आलेल्या मोळीविक्यांस त्याने चणे व गार पाणी दिले. प्रत्येकाने त्याला दोन दोन लाकडे दिली. पुढे त्याने लाकूड साठविले, अतिवृष्टीत ते महाग झाले, आणि यथाकाल तो श्रीमंत झाला.

लोक या कथेतून मुलाची चतुराई तेवढी उचलतात. मला तिच्यातील दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो. तो मेलेला उंदीरसुद्धा त्या मुलाने लेखी नोंद करून घेतला होता! पुढे सोन्याचा उंदीर घडवून त्याने ते ऋण फेडले, तेही या नोंदीमुळेच. आणि विशाखिलाने त्याच्याकडून तारण मागितले नाही.

आता आजचा विशाखिल शोधू. पहिले दार बहुधा गल्लीतल्या खासगी सावकाराचे असते. शेकडा पाच, क्वचित दहा रुपये महिना, असे तोंडी व्यवहार आजही कानी येतात. कौटिल्याने शेकडा दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज मानले. व्यापारास पाच, अरण्यातून जाणाऱ्यास दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यास वीस अशी जोखमीप्रमाणे सूट दिली, आणि त्याहून अधिक घेणाऱ्यास दंड सांगितला. इतकेच नव्हे, तर अशा व्यवहाराच्या साक्षीदारांनाही अर्धा दंड सांगितला. मग घरात बसून शिलाई यंत्र चालविणाऱ्या बाईकडून अरण्यमार्गाचे व्याज कोणत्या शास्त्राने घ्यावयाचे? महाराष्ट्राचा 2014 चा सावकारी नियमन कायदाही परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा मानतो. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे त्याची तक्रार करता येते.

दुसरे दार जिल्हा उद्योग केंद्राचे. ही केंद्रे देशात 1978 पासून सुरू झाली. 2008 च्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची आणि राज्याने 2019 मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची वाट येथूनच जाते. पंतप्रधान कार्यक्रमात 2022 मध्ये उत्पादनाच्या प्रकल्पाची मर्यादा 50 लाख आणि सेवेच्या प्रकल्पाची 20 लाख झाली. ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदारास 25 टक्के, तर महिला, मागासवर्गीय इत्यादींस 35 टक्के अनुदान सांगितले आहे. येथेच आमची माणसे फसतात. हे अनुदान हातात रोख पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते, आणि उद्योग चालू असल्याची खात्री पटल्यावर कर्जात वळते होते. ज्याने अनुदानाकडे डोळा ठेवून दुकान मांडले, त्याचे दुकान तीन वर्षे टिकत नाही, आणि कर्ज मात्र टिकते. "अनुदान काढून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थास वाटा देऊ नये. उद्यम नोंदणी 2020 पासून विनामूल्य आहे, तिच्यासाठीही लोक पैसे मोजतात याचे नवल वाटते.

लहान गरजेस 2015 ची मुद्रा योजना आहे. तिच्यात 10 लाखांपर्यंत तारण लागत नाही. 2023 मध्ये आलेली विश्वकर्मा योजना तर कुंभार, सुतार, लोहार, शिंपी, नाभिक अशा अठरा कारागिरांसाठी. तिच्यात देवळाच्या दाराशी बसणारा हार गुंफणारा मालाकारही धरला आहे. प्रथम एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख, व्याज पाच टक्के.

पैशाइतकीच विद्याही हवी. परभणीच्या कृषी विद्यापीठात 1976 पासून अन्नतंत्र महाविद्यालय आहे. डाळ, हळद, पापड, लोणचे टिकवावे कसे आणि बांधावे कसे, हे जाणणारी माणसे आपल्या वेशीशी असता आपण पुण्या-मुंबईची वाट का धरावी, हे मला समजत नाही.

पण खरी अडचण याही पुढची आहे. योजना आहेत, कागदही आहेत, पण बँकेच्या पायरीवर पोराचा पाय अडखळतो. प्रकल्पाचा आराखडा कोणी लिहून द्यावा? शाखाधिकाऱ्यासमोर त्याच्या बाजूस कोणी बसावे? या ठिकाणी देवस्थानांनी पुढे यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्नाटकातील धर्मस्थळाच्या मंजुनाथेश्वर देवस्थानाने दोन बँकांसह 1982 मध्ये उजिरे येथे बेकार तरुणांना स्वयंरोजगाराचे विनामूल्य निवासी शिक्षण सुरू केले. पुढे केंद्र शासनाने तोच नमुना घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था काढविल्या. एका देवस्थानाचा विचार देशाने उचलला! आमच्याकडे देवळांना सभामंडप आहेत, वीज आहे, विश्वस्तांत दोन व्यापारी आणि एक निवृत्त बँक अधिकारी बहुधा असतोच. महिन्यातून एक दिवस त्यांनी मंडपात बसावे, अर्ज वाचावेत, हिशेब लिहावयास शिकवावे. दानपेटीतून कर्ज मात्र वाटू नये. देवाचा पैसा बुडविण्याचे कोणालाच वाईट वाटत नाही, हे विश्वस्त जाणतात.

आणि ज्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वही पूजिली गेली आहे, त्यांनी यंदा एक कोरी वही जास्त आणावी आणि पूजा करून ती गल्लीतल्या एखाद्या नव्या धंदेवाल्यास द्यावी, घरखर्च आणि धंदा यांची पाने निराळी आखून. जमल्यास कार्तिकी एकादशीच्या गर्दीपूर्वीचा एखादा रिकामा दिवस सभामंडपासाठी मुक्रर करावा. उद्योग केंद्राला आणि बँकेला पत्र मात्र आतापासूनच धाडलेले बरे, दिवाळीनंतर अधिकारी मंडळी रजेवर असतात.